वेळकाढूपणा आणि रेफ्रीचा अधिकार: कधी बोलायचं, कधी कार्ड काढायचं, घड्याळात किती धरायचं

एका गोलने पुढे असलेला संघ ६०व्या मिनिटापासून प्रत्येक गोल-किकला अर्धा मिनिट खातो. रेफ्री लांबूनच हात हलवून 'चला, चला' करत राहतो आणि ८८व्या मिनिटाला गोलकीपरला पिवळं कार्ड दाखवतो. फुटबॉलच्या नियमांची अंमलबजावणी सर्वात जास्त इथे चुकते. कार्ड बरोबर असतं, पण ते २० मिनिटं उशिरा आलेलं असतं. मागे असलेल्या संघाला वाटतं रेफ्री झोपला होता आणि पुढे असलेल्या संघाला वाटतं इतका वेळ चालत होतं ते आत्ताच का खुपलं. या परिस्थितीत दोघांचंही म्हणणं खरं असतं.

नियम १२ मध्ये खेळ पुन्हा सुरू करण्यात 'अवाजवी' उशीर केल्यास ताकीद, म्हणजे पिवळं कार्ड, द्यायला सांगितलं आहे. अवाजवी म्हणजे किती सेकंद, हे तिथे लिहिलेलं नाही. तो निर्णय रेफ्रीचा आहे आणि तो कोणत्या क्रमाने घ्यायचा, ते इथे सांगितलं आहे. सगळी माहिती २०२५-२६ च्या नियमपुस्तकाप्रमाणे आहे. नवी आवृत्ती दरवर्षी १ जुलैपासून लागू होते आणि वेळकाढूपणाच्या कलमांवर सध्या दरवर्षी काम चालू आहे. म्हणून आपली स्पर्धा कोणत्या आवृत्तीवर खेळली जाते, ते आयोजकांना आधी विचारा.

## १. सामन्याआधी: घड्याळ, चेंडू, सहकारी

दोन घड्याळं. एक किक-ऑफला सुरू करायचं आणि हाफ संपेपर्यंत थांबवायचंच नाही. दुसरं, वेळ खरोखर वाया जात असेल तेव्हा थांबवायचं आणि खेळ सुरू झाला की पुन्हा चालू करायचं. पहिल्यावर ४५ मिनिटं झाली की दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे भरपाई वेळ. एकाच घड्याळावर चालवायचं असेल तर प्रत्येक खोळंब्याचे सेकंद वहीत लिहावे लागतील. लक्षात ठेवून बेरीज करण्याच्या भरवशावर राहू नका. दमलेला माणूस नेहमी कमीच धरतो.

चेंडू. स्थानिक मैदानांवर वेळ खाण्याचं सर्वात सोपं साधन म्हणजे एकच चेंडू. तो कुंपणापलीकडे रस्त्यावर गेला की दोन मिनिटं गेलीच. सामन्याआधी राखीव चेंडू किती आहेत ते मोजा, त्यांची हवा तपासा आणि ते दोन्ही गोलपोस्टच्या मागे आणि दोन्ही टचलाइनला (मैदानाच्या लांब बाजूंच्या रेषांना) विभागून ठेवायला सांगा. बॉल बॉय असतील तर त्यांना स्वतः भेटा. चेंडू दोन्ही संघांना सारख्याच वेगाने द्यायचा, स्कोअर काहीही असो, एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

सहाय्यक रेफ्री. कोणी काय बघायचं ते वाटून घ्या. तुमची पाठ असताना चेंडू कोणी लाथाडला, थ्रो-इनची जागा कोणी चोरली, बाहेर जाणारा खेळाडू कुठून चालत निघाला, हे लाइनवरून जास्त चांगलं दिसतं. बेंचजवळ थांबून बदल आणि भरपाई वेळ दाखवणारा चौथा अधिकारी नसेल (आपल्याकडच्या बहुतेक सामन्यांत नसतो) तर भरपाई वेळ बेंचला, म्हणजे कोच आणि राखीव खेळाडूंना, कोण आणि कशी कळवणार, हेही आधीच ठरवा.

स्पर्धेचे नियम. हाफ किती मिनिटांचा, बदली खेळाडू किती, बाहेर गेलेला परत येऊ शकतो का, पाण्यासाठी थांबायचं का. मार्च ते मे या काळात मुंबईत किंवा कोल्हापुरात दुपारचा सामना असेल तर हा शेवटचा प्रश्न हमखास येतो. पाण्यासाठीची विश्रांती जास्तीत जास्त १ मिनिटाची असते. अंग थंड करण्यासाठीची विश्रांती दीड ते तीन मिनिटांची असते. दोन्हींची भरपाई द्यावी लागते.

> तपासा: टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांना एकच वाक्य सांगितलं का? 'चेंडू लाथाडला तर वॉर्निंग मिळणार नाही, थेट कार्ड.' हे आधी सांगितलेलं असलं की पहिल्या कार्डावर होणारा निम्मा वाद टळतो.

## २. कशाला वेळकाढूपणा म्हणायचं नाही

ही पायरी गाळून रेफ्री थेट कडक होतात आणि नियमात नसलेले गुन्हे पकडतात.

कॉर्नर फ्लॅगजवळ चेंडू पायात धरून पाठ करून उभं राहणं हा खेळाचा भाग आहे. चेंडू खेळता येण्याइतक्या अंतरावर आहे आणि हाताने ढकललं जात नाहीये, तोपर्यंत शिटी नाही. बचाव फळीने आपसात २० पास करणं चालतं. गोलकीपरने चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्धी पुढे येईपर्यंत थांबणंही चालतं, कारण तिथे कोणीही जाऊन तो हिसकावू शकतो. चेंडू ८ सेकंदांत सोडायचा, हा नियम फक्त हातातल्या चेंडूसाठी आहे.

थोडक्यात, चेंडू खेळात असताना वेळ घालवणं हे डावपेच आहेत आणि थांबलेला खेळ सुरू न करणं हा गुन्हा आहे. खेळ चालू असताना पाहण्यासारख्या मुख्य गोष्टी दोनच. एक, गोलकीपरच्या हातातला चेंडू. दोन, बॅक-पासच्या नियमाला (सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू कीपरने हातात घ्यायचा नाही) बगल देण्यासाठी मुद्दाम केलेली युक्ती, उदाहरणार्थ चेंडू स्वतःच पायाने वर उडवून डोक्याने कीपरकडे देणं. त्यावर इनडायरेक्ट फ्री-किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) आणि युक्ती करणाऱ्याला पिवळं कार्ड.

आणखी एक गैरसमज म्हणजे वेळ फक्त पुढे असलेला संघच काढतो. बरोबरी पुरेशी असलेला संघ पहिल्या मिनिटापासून वेळ काढू शकतो. स्कोअरबोर्ड बघून डोळे उघडू नका. गुणतक्ता सामन्याआधीच बघून ठेवा.

## ३. पायऱ्या: आवाज, जाहीर वॉर्निंग, कार्ड

रेफ्रीच्या अधिकाराचा खरा वापर इथे होतो. नियमात आधी वॉर्निंग देण्याची सक्ती नाही. पण सीमारेषेवरच्या प्रकारांत हा क्रम कामाला येतो.

पहिली पायरी: धावता धावता आवाज. 'कीपर, चल, लगेच घे!' तुम्ही थांबायचं नाही आणि शिटी वाजवायची नाही. आवाज त्या खेळाडूपर्यंत पोहोचला पाहिजे आणि शक्यतो आसपासच्या दोघा-तिघांनाही ऐकू गेला पाहिजे.

दुसरी पायरी: सगळ्यांना दिसेल अशी वॉर्निंग. तोच खेळाडू किंवा तोच प्रकार पुन्हा आला की बोट दाखवून, मोठ्या हातवाऱ्याने सांगा. कर्णधार जवळ असेल तर त्यालाही सांगा: 'कॅप्टन, हे शेवटचं. पुढच्या वेळी कोणीही असो, कार्ड.' संघ आळीपाळीने वेळ काढत असेल, म्हणजे एकदा कीपर, एकदा लेफ्ट बॅक, एकदा बाहेर जाणारा स्ट्रायकर, तर प्रत्येकाला नवी वॉर्निंग देत बसण्याची गरज नाही. कर्णधाराला दिलेली वॉर्निंग सगळ्यांना पुरते.

तिसरी पायरी: कार्ड. वॉर्निंग दिली असेल तर पुढच्या वेळी कार्ड काढायचंच. मिनिट २३वं असो वा ९३वं. वॉर्निंग देऊन कार्ड न काढणारा रेफ्री वॉर्निंग न देणाऱ्यापेक्षा लवकर सामना हातचा घालवतो.

काही गोष्टींना पायऱ्या नसतात. शिटीनंतर चेंडू लांब लाथाडणं किंवा उचलून घेऊन जाणं, चेंडूला मुद्दाम हात लावून भांडण ओढवणं, फ्री-किक पटकन घेऊ न देण्यासाठी चेंडूसमोर जाऊन उभं राहणं, पुन्हा घ्यायला लागावी म्हणून फ्री-किक मुद्दाम चुकीच्या जागेवरून घेणं. यांना थेट पिवळं कार्ड. शिटी ऐकू न आल्याने चेंडू पुढे गेला असेल किंवा चेंडू जेमतेम दोन पावलं घरंगळला असेल, तर मात्र सोडून द्या. फरक हेतूचा आहे आणि परिणामाचाही: समोरच्याला लगेच खेळता आलं असतं का?

> सावधान: वॉर्निंग देण्यासाठी खेळ थांबवून, ३० मीटर चालत जाऊन, भाषण देऊन परत येऊ नका. वेळ काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. समोरचा संघ घाईत असेल तर त्याला आधी खेळू द्या.

> सावधान: गोलकीपरला एक पिवळं कार्ड आधीच असेल म्हणून दुसऱ्या कार्डासाठी मोजपट्टी बदलू नका. उशिराचं दुसरं पिवळं कार्ड हे पूर्ण पिवळं कार्डच आहे, त्यानंतर लाल. ते काढण्याची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर पहिल्या कार्डानंतर लगेच, स्पष्ट शब्दांत सांगा.

## ४. प्रसंगानुसार काय करायचं

### गोल-किक आणि थ्रो-इन

चेंडू खेळाडूच्या हाती आला की मनात मोजायला सुरुवात करा. नियमात आकडा नाही, म्हणून स्वतःचा ठेवा आणि दोन्ही संघांना, दोन्ही हाफमध्ये तोच लावा. सहकारी जागेवर आहेत, चेंडू ठेवलेला आहे आणि तरीही कीपर दुसऱ्या कोपऱ्यात चेंडू नेऊन ठेवतो, मोजे वर ओढतो, तेव्हा सेकंद मोजण्याचीही गरज उरत नाही.

थ्रो-इनमध्ये नियमात नाव घेऊन सांगितलेला प्रकार आहे: टाकण्याचा आव आणून ऐनवेळी चेंडू दुसऱ्याकडे सोपवणं. पण लांब थ्रो टाकणारा खेळाडू धावत येऊन चेंडू घेत असेल तर तो गुन्हा नाही. तो चालत येत असेल आणि पहिला त्याची वाट बघत चेंडू शर्टाला पुसत असेल, तर आहे.

नेहमीची चूक: उशीर केला म्हणून थ्रो-इन किंवा गोल-किक काढून समोरच्या संघाला देणं. २०२५-२६ च्या नियमांत त्याला आधार नाही. खेळ थांबलेलाच होता, त्यामुळे कार्ड दाखवा, पण खेळ सुरू करण्याचा हक्क त्याच संघाचा राहतो.

### गोलकीपरच्या हातातला चेंडू: ८ सेकंद

पूर्वी मर्यादा ६ सेकंदांची होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री-किक. ती शिक्षा इतकी जड वाटायची की कोणी देतच नसे. आता मर्यादा ८ सेकंदांची आणि शिक्षा समोरच्या संघाला कॉर्नर. क्रम असा:

१. कीपरचा ताबा पक्का झाला, हे आधी ठरवा. तो झेपावून पडला, चेंडू छातीखाली आहे आणि अंगावर दोघे आहेत, तेव्हा मोजणी सुरू होत नाही. तो मोकळा झाला की होते.
२. पहिले ३ सेकंद मनात मोजा.
३. हात वर करून उरलेले ५ सेकंद बोटांनी दाखवत उतरते मोजा, कीपरला दिसेल असे. म्हणजे तुम्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात असायला हवं. पाठ करून मध्यरेषेकडे धावू लागलात तर हा नियम तुम्ही लावूच शकणार नाही.
४. शून्यावर चेंडू हातातच असेल तर शिटी आणि कॉर्नर. शिक्षेच्या क्षणी कीपर ज्या बाजूला जास्त जवळ होता, त्या बाजूचा कोपरा.

प्रतिस्पर्धी खेळाडू समोर नाचून कीपरला चेंडू सोडू देत नसेल तर मोजणी बंद. तो त्या खेळाडूचा गुन्हा आहे आणि इनडायरेक्ट फ्री-किक कीपरच्या संघाला.

चेंडू जमिनीवर आपटत राहिला किंवा उघड्या तळहातावर ठेवला तरी तो हातातच धरला जातो. 'मी टप्पा देत होतो' हे कारण चालत नाही.

### फ्री-किक

समोरच्याला पटकन घ्यायची असेल तर बाजूला व्हा. त्याने ९.१५ मीटर अंतर मागितलं आणि तुम्ही ते मोजायला गेलात, तर 'शिटीशिवाय नाही' हे त्याला दाखवा. इथून जाणारा वेळ तुमच्याकडून जातो आहे, म्हणून तो दुसऱ्या घड्याळात धरा.

कार्ड काढायचं ठरवलं तर आधी कार्ड, मग खेळ. अपवाद एकच: तुम्ही अजून कार्डाची प्रक्रिया सुरू केलेली नाही, समोरच्याने पटकन फ्री-किक घेतली आणि त्याला गोलची स्पष्ट संधी आहे. तेव्हा खेळू द्या आणि खेळ पुढे थांबेल तेव्हा कार्ड दाखवा.

### बदली खेळाडू

बाहेर जाणाऱ्याने जवळच्या सीमारेषेवरून बाहेर पडायचं असतं. मग ती गोललाइन असो वा पलीकडची टचलाइन. बदलाचा क्रमांक दाखवणारा बोर्ड वर जाताच त्याच्याकडे बघून हाताने दिशा दाखवा. बहुतेक जण तिथेच वळतात. सुरक्षेचं कारण असेल, उदाहरणार्थ पलीकडे चिडलेले प्रेक्षक बसले असतील, तर तुम्ही दुसरीकडून जायला सांगू शकता. स्टँड मैदानाला लागून असलेल्या ठिकाणी हा विचार आधीच करून ठेवा.

खेळाडू प्रत्येकाशी हात मिळवत, आर्मबँड काढून हळूहळू देत निघाला तर एकदा सांगा आणि ऐकलं नाही तर कार्ड. त्याने बाहेर जायलाच नकार दिला तर बदल रद्द आणि खेळ सुरू. त्याची समजूत घालणं तुमचं काम नाही.

### दुखापत

इथे कडक होण्याआधी दोनदा विचार करा. डोक्याला मार, बेशुद्धी, गंभीर दिसणारी इजा असेल तर खेळ ताबडतोब थांबवा आणि घड्याळाचा विचारही करू नका. खेळाडू नाटक करतोय की नाही, याबाबत शंका असेल तर ती खेळाडूच्या बाजूने धरा. वेळ भरून देता येतो.

किरकोळ मार असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवा. मग जवळ जाऊन एकच प्रश्न: 'फिजिओ हवा का?' हो म्हणाला तर त्याला मैदानाबाहेर जावं लागेल आणि खेळ सुरू झाल्यावर तुमच्या परवानगीनेच परत येता येईल, हेही त्याच क्षणी सांगा. बरेच जण यावर स्वतःहून उठतात.

बाहेर जाण्यातून सूट कोणाला, ते पाठ असू द्या: गोलकीपरला, गोलकीपर आणि दुसरा खेळाडू आदळून दोघांवर उपचार लागले तर दोघांना, एकाच संघाचे दोघे आदळले तर त्यांना, गंभीर इजा असलेल्याला, पेनल्टी घेणार असलेल्या जखमी खेळाडूला, आणि ज्याला पाडल्याबद्दल समोरच्याला कार्ड मिळालं आहे त्याला, उपचार लवकर आटोपत असतील तर.

गोलकीपरची सूट हीच मोठी पळवाट आहे. कीपर खाली बसतो आणि बाकीचे दहा जण कोचभोवती जमतात. कीपरला तुम्ही बाहेर काढू शकत नाही. पण त्याला लागलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्या घड्याळात धरा आणि तो धरला जातोय हे मनगटाकडे बोट दाखवून सगळ्यांना दिसू द्या. इजेचं सोंग केल्याची पूर्ण खात्री असेल तर बेशिस्त वर्तनाबद्दल पिवळं कार्ड. खात्री नसेल तर नाही.

### गोलनंतर

मागे असलेला संघ गोल करतो आणि जाळ्यातला चेंडू घ्यायला धावतो. कीपर चेंडू पोटाशी धरून बसतो आणि तिथे ढकलाढकली सुरू होते. किक-ऑफ गोल खाल्लेल्या संघाचा असतो, त्यामुळे चेंडूवर गोल करणाऱ्यांचा हक्क नाही. हिसकावून भांडण ओढवणाऱ्याला कार्ड मिळू शकतं आणि चेंडू दाबून उशीर करणाऱ्या कीपरलाही. सामना अटीतटीचा असेल तर गोलची खूण केल्यावर लगेच मध्यवर्तुळाकडे वळू नका. दोन सेकंद जाळ्याकडे बघत तिथेच थांबा.

## ५. भरपाई वेळ काढणं

कार्ड आणि घड्याळ ही दोन वेगळी हत्यारं आहेत. 'कार्ड दाखवलं, आता वेळ कशाला' आणि 'वेळ देणारच आहे, मग कार्ड कशाला' या दोन्ही समजुती चुकीच्या. कार्ड गुन्ह्याला आहे, वेळ समोरच्या संघाच्या नुकसानीला.

धरायचं काय: बदली खेळाडू, दुखापत, कार्डांची प्रक्रिया, गोलचा जल्लोष, पाण्याची विश्रांती, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) असेल तर त्याचा वेळ, वेळकाढूपणा आणि चेंडू हरवण्यासारखे मोठे खोळंबे. नेहमीच्या गतीने घेतलेले थ्रो-इन आणि गोल-किक धरायचे नाहीत. प्रत्येक बदलाला सरसकट ३० सेकंद हा केवळ ठोकताळा आहे. घड्याळ हातात असताना त्याची गरज पडू नये.

दुसऱ्या हाफचं एक उदाहरण:

- चार बदल: ४०, ३५, ५० आणि ३० सेकंद, एकूण १५५
- एक दुखापत: ११०
- कार्ड आणि त्यावरचा वाद: ४५
- दोन रेंगाळलेल्या गोल-किक: ५५
- एक गोल: ६०

एकूण ४२५ सेकंद, म्हणजे ७ मिनिटं ५ सेकंद. दुसरं घड्याळ ३७:५५ दाखवत असेल. बोर्डावर ७. सवयीने ३ किंवा ४ दाखवणारा रेफ्री इथे निम्मी भरपाई लुटू देतो.

> तपासा: हाफ ३० किंवा ३५ मिनिटांचा असेल तरी वाया गेलेला वेळ पूर्ण द्यायचा असतो, प्रमाणात कमी करून नाही. आणि पहिल्या हाफमध्ये वेळ मोजण्यात झालेली चूक दुसऱ्या हाफमध्ये भरून काढता येत नाही.

## ६. भरपाई वेळेतला वेळकाढूपणा

जाहीर केलेला आकडा हा किमान असतो. तो वाढवता येतो, कमी करता येत नाही. ७ मिनिटं जाहीर झाली आणि त्यात ४० सेकंदांचा बदल झाला, तर ७:४० नंतरच सामना संपेल. 'बोर्डावर सात होते' असं बेंच ओरडेल. सहाय्यकाला सांगून ठेवा की उत्तर एकच द्यायचं: वेळ वाढवलेला आहे.

याच मिनिटांत दुसरं घड्याळ थांबवायला विसरणं, ही अनुभवी रेफ्रींचीही चूक असते. आवाज वाढलेला असतो आणि सगळं लक्ष चेंडूवर असतं. उपाय सोपा आहे: प्रत्येक शिटीनंतर बोट आधी घड्याळावर, मग हाताची खूण.

वेळ संपताना पेनल्टी दिली असेल तर ती पूर्ण होईपर्यंत हाफ वाढतो. कॉर्नर किंवा फ्री-किकसाठी अशी सक्ती नाही.

## ७. बेंच

कोचने आपल्याच संघाचा खेळ सुरू होण्यास उशीर केला तर पिवळं कार्ड. समोरच्या संघाचा खेळ अडवला, म्हणजे चेंडू धरून ठेवला, लाथाडला, खेळाडूच्या वाटेत उभा राहिला, तर थेट लाल. हा फरक अनेकांना माहीत नसतो आणि लाल कार्डाच्या जागी समज देऊन सोडलं जातं. कोणी केलं ते कळलं नाही तर त्या वेळी टेक्निकल एरियात (बेंचभोवतीच्या आखलेल्या जागेत) असलेल्या सर्वात वरिष्ठ कोचला ती शिक्षा.

## ८. अहवाल

कार्डाचं कारण नियमाच्या भाषेत लिहा: 'खेळ पुन्हा सुरू करण्यात उशीर.' पुढे मिनिट, जर्सी क्रमांक आणि नेमकी कृती: 'गोल-किकसाठी चेंडू ठेवल्यावर दोनदा जागा बदलली, ५८व्या मिनिटाला जाहीर वॉर्निंग दिली होती.' नुसतं 'टाइमपास केला' असं लिहिलं तर हरकतीच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक हाफला किती भरपाई वेळ दिला आणि कशासाठी, याचे आकडे वहीतून अहवालात उतरवा आणि वहीचं ते पान स्पर्धा संपेपर्यंत जपून ठेवा.